लायटीवाल्या काकांची रेघ

पेणला रामवाडीत मी तीन वर्षं ज्यांच्या घरी भाड्यानं राहिले, ते काका नळाला हात लावल्याशिवाय कशालाच हात लावत नसत. प्रसाद घ्यायचा, आधी नळ. शेजारच्या सुनेचं तान्हं मांडीवर घ्यायचं, आधी नळ. मी पहिल्या दिवशी बॅग घेऊन दारात उभी राहिले, तर काका आधी अंगणात गेले, लोखंडी नळाला पंजा टेकवून क्षणभर उभे राहिले, मग आत जाऊन खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

माझं डोकं भडकलं. म्हटलं, "काका, जात विचारायची असेल तर सरळ विचारा. विटाळ असा चोरून पाळू नका."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जात नाय गो. करंट."

आतून काकूंचा आवाज आला, "त्यांना काय पण बोललीस तरी चालेल. लेझरच्या खोलीत तेवढी जाऊ नको."

काका लेझर बनवत. हातात धरायचे, टॉर्चएवढे. मोडक्या डीव्हीडी रायटरमधून रेघ पाडणारा, तांदळाच्या दाण्याएवढा डायोड काढायचा, अॅल्युमिनियमच्या नळीत घट्ट बसवायचा, पुढे भिंग, मागे सेल आणि मधे ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे बोटाच्या पेराएवढी सर्किटची पट्टी. सेलमधला करंट मोजून-मापून डायोडला पाजायचं काम तिचं. "डायोड हावरं पोर हाय," ते सांगत, "जेवढं देशील तेवढं खाईल आणि मरेल. ड्रायव्हर म्हणजे त्याची आय." माणसाच्या अंगात न कळत साठलेली वीजसुद्धा त्या पोराला मारायला पुरते, ती जमिनीत उतरवायला नळ. गल्लीत सगळीकडे प्लास्टिकचे पाइप आले तेव्हा काकांनी प्लंबरशी भांडून अंगणातला लोखंडी नळ ठेवून घेतला. त्याला पाणी येत नव्हतं. काकांना पाणी नकोच होतं.

रोह्याला धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभा जन्म इलेक्ट्रिशियन म्हणून काढला होता. शिफ्ट सुटली, पण रोहा सुटलं नाही. दर गुरुवारी पेणहून गाडीनं रोह्याला जायचं, भंगारवाल्याकडे उकिडवं बसायचं आणि पिशवीभर मेलेली यंत्रं घेऊन परतायचं. एकदा मी सोबत होते. येताना त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. मी डोकावले तर म्हणाले, "कासू गेल्याशिवाय उघडायची नाय."

"का?"

"कासूपर्यंत आशा असते."

पेणच्या अलीकडचं कासू स्टेशन गेलं. त्यांनी पिशवी उघडली, एकेक यंत्र कानाशी हलवून बघितलं आणि पिशवी परत बांधून टाकली. त्या दिवशी सगळाच माल कुजका निघाला होता.

माझ्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आई-बाबा दोघंही मोर्च्यातली माणसं. माझी अक्षरओळखच मुळी "कामगार बंधू-भगिनींनो" इथून झाली. पेणला मी एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर लावायचं काम करत होते आणि उरलेल्या वेळात ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याच्यासाठी फुकट पत्रक लिहून देत होते. लिहिलं की लगेच छापायचं, छापलं की लगेच वाटायचं. थांबणं मला जमत नसे. आणि काका तर थांबण्यातच राहत. नवा ड्रायव्हर झाला की त्याला खरा डायोड जोडायचाच नाही. चार साधे डायोड आणि एक रेझिस्टर यांचं एक गाठोडं त्यांनी बांधलं होतं, त्याला ते बुजगावणं म्हणत. ड्रायव्हर आधी बुजगावण्यावर चालवायचा, मीटरवर करंट बघायचा, गरम होऊ द्यायचा, परत बघायचा. मग बंद करून स्क्रूड्रायव्हरनं आतला उरलेला करंट उतरवायचा आणि दहा अंक मोजायचे. मगच खरा डायोड.

मी एकदा त्यांना ताजं पत्रक दाखवलं. त्यांनी वाचलं नाही. म्हणाले, "बुजगावण्यावर चालवलंस काय?"

"म्हणजे?"

"काकूला वाचून दाखव. तिला राग आला तर चालू हाय. हसू आलं तर परत लिही."

काकूंना हसू आलं. मला राग.

त्या घरात भांडणसुद्धा सर्किटसारखं चाले. काकू चिडल्या की काका हात वर करून म्हणत, "थांब, उतरू दे," आणि दहा मोजत. काकू ओट्यावरून ओरडत, "पस्तीस वर्षं मोजताय! अकरावा आकडा शिकवला नाय काय कुणी?"

काकांच्या डाव्या डोळ्यात मधोमध करडा डाग होता. बाहेरून दिसत नसे. त्यांना मात्र त्या डोळ्यानं समोरच्याचा चेहराच दिसत नसे, फक्त कान आणि केस. पहिल्या लेझरची रेघ स्टीलच्या डब्यावरून उलटून त्या डोळ्यात गेली होती. तेव्हापासून चाचणीच्या वेळी ते घरातले सगळे डबे भिंतीकडे तोंड करून ठेवत, आरशावर काकूंचं जुनं लुगडं टाकत. एकदा शेजारीण साखर मागायला आली, झाकलेला आरसा बघून दारातच रडायला लागली. "कोण गेलं गो?" काकू म्हणाल्या, "अजून कोण नाय. पण हे असेच राहिले तर मी जाईन."

मिरवणुकीत लेझर फिरवणारी मंडळं त्यांच्याकडे यायची. ड्रायव्हर जळलाय काका, दोन दिवसांत गणपती हायत काका. काका ते यंत्र हातात घेऊन, पारखून परत द्यायचे. "लोकांच्या डोळ्यावर जाणारी रेघ मी दुरुस्त करत नाय." एक कार्यकर्ता म्हणाला, "काका, तुम्हाला जमत नाय असं सरळ सांगा ना." काकांनी त्याच्यासमोर यंत्र उघडलं, सुटलेली तार बोटानं दाखवली, परत बंद केलं आणि म्हणाले, "जमतं. नाय करणार." तो शिव्या देत गेला. मी त्या दिवशी काकांच्या कौतुकाचं पत्रक लिहायला बसले होते. त्यांनी ते अर्ध्यात काढून घेतलं.

त्यांच्या टेबलावर बामची मोठी बाटली होती, मेलेल्या डायोडांची. मेलेला डायोड अगदी विझत नाही. लाल उजळतो, पण त्यातून रेघ निघत नाही. "उजळतो, मारत नाय," काका म्हणत. प्रत्येक मेलेल्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली असे आणि तीवर मरणाचं कारण. उलटी तार. ढिला सेल. दमट हवा. मी एकदा सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच कारण होतं: माझी घाई.

ही बाटली हसण्यावारी नेण्याची चूक मी केली.

वडखळच्या पुढे खाडीकाठच्या एका गावातून हिरूबाय आमच्याकडे आली. ही पन्नाशीची बाई, अर्धं वर्ष भातशेतीत आणि अर्धं मिठागरात राबणारी. तिच्या गावाची शेती खाडीच्या पातळीला. मातीचा बांध आहे म्हणून भात आहे. बांधाला मधे एक उघाडी, म्हणजे पाणी सोडायची पक्की बांधलेली मोरी. उघाडीच्या भिंतीवर कोरलेली खूण आहे. बांधाचा माथा त्या खुणेइतका उंच हवा. उन्हाळ्यात कंत्राटदारानं बांध नव्यानं घातला आणि काम पूर्ण झालं असं कागदोपत्री लागलं. हिरूबायचं म्हणणं, उघाडीजवळच्या वळणावर शंभर पावलं बांध बुटका आहे.

"डोल्यांना दिसतं," ती म्हणाली, "पन साहेब म्हनतो, तुझे डोले म्हंजे काय सरकारी यंत्र हाय? पान्याच्या नलीनं मोजला, तर तीन वेला तीन आकडे आले. आवसेच्या उधानाला, मोठ्या भरतीला, खारा पानी शेतान शिरला त वरसाचा भात गेला. आनि पुढची दोन वरसं जमीन पन गेली. लायटीवाले, तुमची ती रेघ सरल जाते ना?"

काका लगेच उत्तर देत नसत. त्या दिवशी दिलं. "रेघ सरळ जाते. ती धरणारा वाकडा असतो."

त्यांनी मोजायचा एक वेगळा लेझर तयार ठेवला होता. त्याला ते अर्धपोटी ठेवत, म्हणजे ड्रायव्हरनं करंट कमी द्यायचा, ठिपका मंद, पण शंभर पावलांवर संध्याकाळी नीट दिसणारा. लाकडाच्या खोबणीत नळी आडवी ठेवायची, गवंड्याच्या लेव्हलनं खोबण सपाट करायची. खोबण उघाडीच्या खुणेवर बरोबर एक हात उंच. समोर बांधावर पट्टी उभी, तिच्यावर एक हात उंचीला लाल रेघ. ठिपका लाल रेघेवर पडला तर बांध बरोबर. वर पडला तर बांध तेवढा बुटका.

मोजायला जायच्या आदल्या दिवशी तो लेझर मेला. डायोडच्या पायाला लावलेली तार हलत होती. तार सुटली की ड्रायव्हरमध्ये करंट तुंबतो, आणि परत टेकली की तुंबलेला सगळा एकदम आत घुसतो. काकांनी तार नव्यानं जोडली, ड्रायव्हर बुजगावण्यावर चालवला, नवा डायोड नळीत ठोकला. अजून एक काम बाकी होतं. नळी खोबणीत गोल फिरवून बघायची. डायोड नळीत सरळ बसला असेल तर नळी फिरली तरी ठिपका जागचा हलत नाही. वाकडा बसला असेल तर ठिपका वर्तुळ काढतो. हे ते दर वेळी करत. पण घरात एवढं अंतर नव्हतं. तिथे जाऊन करू म्हणाले.

तिथे मी त्यांना करू दिलं नाही. उजेड चालला होता, गाव जमला होता आणि माझ्या अंगात वारं भरलं होतं. "चला ना काका! पंधरा मिनिटं लेव्हलच लावताय. लोक खोळंबलेत." त्यांनी नळीवर हात ठेवला होता. माझ्याकडे बघितलं. हात काढला.

ठिपका लाल रेघेच्या एक वीत वर पडला.

हिरूबायनं वीत लावून सगळ्यांना दाखवली. दुसऱ्या दिवशी दुपारी माझं पत्रक छापून झालं होतं: "बांध एक वीत बुटका! खाऱ्या पाण्याला आमंत्रण कोणाचं?" पाचशे प्रती. वडखळच्या नाक्यावर, पेणच्या बाजारात मी स्वतः वाटल्या. आकडा मोठा होता, म्हणून आवाज मोठा होता. चार दिवसांत साहेब पाहणीला यायला कबूल झाले. मी हवेत होते.

साहेब, म्हणजे त्या कामाचे इंजिनिअर, संध्याकाळी आले. बूट चिखलात रुतू नयेत म्हणून पावलं मोजून टाकत होते. हातात माझं पत्रक. "दाखवा तुमची वीत."

काकांनी खोबण लावली, लेव्हल उलटसुलट करून दोनदा बघितली, नळी ठेवली. ठिपका एक वीत वर. गावानं आरोळी ठोकली. मी साहेबांकडे बघत होते, म्हणून काकांचा हात नळीकडे जाताना मला दिसला नाही. ओरडा एकदम थांबला तेव्हा मी वळले. काकांनी नळी अर्धी फिरवली होती. ठिपका लाल रेघेच्या खाली उतरला होता.

"साहेब, थांबा," काका म्हणाले. "माझी पहिली मोजणी खोटी हाय. डायोड वाकडा बसलाय. मी त्या दिवशी फिरवून बघितलं नाय."

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बघा. आणि या बाईंनी गावभर छापलं."

"खोटी म्हणजे सगळीच खोटी नाय," काका खाली बसत म्हणाले. "वरचा ठिपका आणि खालचा ठिपका, दोघांच्या मधोमध खरी रेघ. तुम्ही स्वतः फिरवा. माझ्यावर जाऊ नका."

साहेबांनी नळीला हात लावला नाही. काकांनी हिरूबायला सांगून पट्टीवर दोन्ही ठिकाणी कोळशाच्या खुणा करून घेतल्या, दोन्हींमधलं अंतर दोऱ्यानं घेऊन दोरा मधोमध दुमडला. मधली खूण लाल रेघेच्या वर निघाली. चार बोटं.

"वितेवरून चार बोटांवर आलात," साहेब वही उघडत म्हणाले, "उद्या शून्यावर याल." आणि त्यांनी लिहिलं: ग्रामस्थांचं यंत्र सदोष, मोजणी ग्राह्य नाही. गाडी चिखल उडवत गेली. अमावास्येला नऊ दिवस होते.

वडखळला गाडी बदलायला आम्ही उतरलो तेव्हा मी काकांवर तुटून पडले. "त्याच्यासमोर बोलायची काय गरज होती? मला घरी सांगायचं होतं. कंत्राटदार सुटला काका! तुमच्या एका वाक्यानं सुटला!"

"घरी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी काहीच केलं नसतं. वीत तशीच चालवली असती.

"लढाईत असं नसतं," मी म्हटलं.

"लढाईतलं मला नाय माहीत. बिघाड शोधताना आधी आपला हात तपासायचा. मग सर्किट. मग बाजारातून आणलेला माल. उलट्या बाजूनं गेलीस तर जन्मभर शोधत बसशील."

"तुमच्या या शहाणपणानं शेत बुडणार आहे."

घरी आल्यावर त्यांनी वाकडा डायोड उपटला, तो उपटताना मेला. त्यांनी चिठ्ठी लिहून बांधली. मी उलटून वाचली. माझी घाई.

"काका, घाई माझी होती."

"नळीवर हात कुणाचा होता?" ते म्हणाले आणि नवा डायोड शोधायला लागले.

रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी हिरूबाय दारात उभी. मला वाटलं, शिव्या द्यायला आलीय. ती माझ्याकडे न बघता काकांना म्हणाली, "लायटीवाले, चार बोटं म्हंजे माजी चार का तुमची चार?"

"तुझी धर."

"आनि लांबी शंभर पावलं?"

"शंभरला दोन कमी."

तिनं मनाशी काहीतरी जुळवलं. "वीत असती त आमच्यान नसती झाली. मशीन लागला असता, साहेबाच्या पाया पडाया लागला असता. चार बोटं आमी बाया घालू. चिखल काय त्याच्या बापाचा हाय?"

"ओला चिखल बसतो," काका म्हणाले. "सहा बोटं घाला, चार राहतील."

मी उसळले. "म्हणजे काम तुम्ही करायचं आणि पैसे खाणारा मोकळा? मग लढायचं कशाला?"

हिरूबायनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पोरी, तू लढ ना. कोन नको बोललाय? पन भात काय तुज्या पत्रकाची वाट बघनार हाय?"

सात दिवस गाव बांधावर होतं. खाडीच्या अंगाचा चिखल पाट्यांनी उचलायचा, थापायचा, तुडवायचा. काका रोज संध्याकाळी येत, डोकीवर टोपी, पिशवीत लेझर. येताच उघाडीच्या लोखंडी झडपेला हात टेकवत. बायका हसत. "आला, देवाच्या पाया पडाला!" मग खोबण, लेव्हल, नळी, आणि आता नळी पूर्ण गोल फिरायची, एकदा नाही, तीनदा. ठिपका जागचा हलत नसे. पट्टी मी धरत होते. ते लांबून ओरडत, "वर!", "खाली!", "हलू नको गो, तू का सारखी हलतेस?" मला खरंच स्थिर उभं राहता येत नव्हतं. माझ्या डोक्यात साहेबांची वही होती. एका जागी चिखल दोन बोटं कमी निघाला तेव्हा काकांनी तो पूर्ण भाग उकरायला लावला. एक म्हातारा वैतागून म्हणाला, "अवो, दोन बोटांनी काय व्हतंय?" काका म्हणाले, "पाण्याला विचार."

अमावास्येला भरती दुपारची होती. सगळं गाव बांधाच्या आतल्या अंगाला उभं. ऊन डोक्यावर. पाणी आवाज न करता चढत होतं, जुन्या मातीवरून ओल्या काळ्या पट्ट्यावर आलं. कंत्राटदाराचा बांध संपून बायांचा सुरू झाला ती ओळ पाण्याखाली गेली. कुणीतरी रामनाम घेतलं. पाणी थांबल्यासारखं झालं आणि माणसं ओरडायला लागली.

"गप!" काका म्हणाले. "अजून भरती हाय."

होती. पाणी आणखी एक बोट चढलं. उघाडीपासून विसाव्या पावलावर चिखलातून एक धार आत आली, पेन्सिलएवढी. हिरूबाय तिथे पालथी पडली आणि छाती टेकवून पडून राहिली. दोघींनी तिच्या बाजूनं चिखल थापला. मी काय करत होते ते मला आठवत नाही. मग पाण्यावर तरंगणारा एक काडीचा तुकडा, जो इतका वेळ आमच्याकडे सरकत होता, तो जागीच थांबला. आणि हळूहळू खाडीकडे वळला.

माथ्याला दीड बोट उरलं होतं.

हिरूबाय उठली. अंगभर चिखल. काकांना म्हणाली, "लायटीवाले, मोजा आता. माजी उंची पन कमी झाली काय ती."

सगळे हसले, काकाही. मी हसत नव्हते. मी बांधावरच बसले, पिशवीतून कागद काढला आणि लिहायला लागले. पहिली ओळ लिहायला मला त्या नऊ दिवसांहून जास्त वेळ लागला असं वाटलं: "मागच्या पत्रकात आम्ही एक वीत म्हटलं होतं. ते चुकीचं होतं." दुसरी ओळ सरळ आली: "बांध चार बोटं बुटका होता. ती चार बोटं गावानं घातली. ज्याचं ते काम होतं, त्यानं जाब द्यावा."

काका मागे येऊन उभे राहिले होते. माझं लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच वाचलं. डावा डोळा मिटून, उजव्यानं, दोनदा.

"पहिली ओळ बारीक टायपात टाकू ना?" मी विचारलं. "खाली, कोपऱ्यात?"

"दोन्ही एकाच टायपात टाक," ते म्हणाले. "मोठ्या."